थोडं द्यायचं अन् बघायचं

आपल्या जवळा बाजार गावाकडं सलाईन न लावणाऱ्याला कोणी डॉक्टर म्हणत नाही, हे तुम्ही जाणताच. म्हणून नांदेडला बायकोच्या फुप्फुसाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी हात जोडले. "बाई, सलाईन भरपूर लावा. कमी पडू देऊ नका."

बाई माझ्या पोरीच्या वयाच्या. शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, जास्त झालं तर पाणी फुप्फुसात उतरतं, श्वास घेता येत नाही. कमी पडलं तर किडनीला त्रास."

"मग किती लागंल ते आधी कळत न्हाई व्हय?"

"अंदाज असतो. मशीनही सांगतं, पण छाती उघडली की त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. म्हणून थोडं द्यायचं आणि बघत राहायचं."

ऑपरेशन संपेपर्यंत मी बाहेर बसून तेवढंच घोकत होतो. आत कोणीतरी तिच्याकडं बघत बसलं आहे, याचाच आधार होता.

दुसऱ्या दिवशी नर्सनं तिला चमच्यानं पाणी पाजायला सांगितलं. मी एक चमचा पाजला आणि थांबलो. तिच्या तोंडाकडं बघत राहिलो.

ती हळूच म्हणाली, "काहून बघून राहिले असे?"

"डॉक्टरीणबाईनं सांगितलं. थोडं द्यायचं अन् बघायचं."

"लगीन झाल्यापासून असं कधी बघितलं न्हाई तुमी," ती म्हणाली. "बघा, खुशाल बघा. पण आधी दुसरा चमचा तर द्या."