नातीचं इटालियन

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ गावच्या बेकरीत, पावाच्या रांगेत, माझ्यापुढे दोन इटालियन म्हाताऱ्या होत्या.

"एर्मेलिंदा, नात जाते ना गं इटालियनच्या वर्गाला?"

"जाते. रोमहून आलेल्या बाईंनी तिला सांगितलंय, घरी आजीशी बोलू नकोस."

"काय? का म्हणून?"

"आपली कालाब्रियाची बोली गावंढळ म्हणे. कानावर पडली की पोरीचं इटालियन बिघडतं."

"अगं बाई! तो वर्ग सुरू व्हावा म्हणून दहा वर्षं आपल्या इटालियन क्लबात झेप्पोलेचे गोड वडे तळून विकलेस तू!"

"हे बघ, भाजल्याचे डाग आहेत अजून."

"मग पोरगी काय करते?"

"गुणी आहे, बाईंचं ऐकते. माझ्याशी आता इंग्रजीतच बोलते."

"पण तुला इंग्रजी कुठे येतं?"

"पाव मागण्यापुरतं येतं. सरक, माझा नंबर आला."