करंड्यातली अळी

आसराबाई : हां हां, झाकण उघडू नको गोपे! कुंकू न्हाई त्यात.

गोपिका : मंग काय हाय जाऊबाई? परवापासून करंडा कमरंला खोचून हिंडून राह्यल्या. मला वाटलं, गूळ चोरला.

आसराबाई : गूळ असता तर तुला दिला नसता का? कुंभारीण माशी हाय. म्हंजे कुंभारणीचं पोर. पांढरी अळी.

गोपिका : माझ्या खाटंवरच्या भिंतीला मातीचं घर बांधलं व्हतं, ती?

आसराबाई : भिंत पोतारून राह्यल्ते. हात लागला. फुटलं.

गोपिका : अगं आई! आत्याबाई काय म्हणल्या व्हत्या? घरात पोटुशी हाय म्हणून कुंभारीण आली, तिचं घर फुटलं तर कूस न्हाई टिकायची! आधीच दोन गेली माझी. हे अंबडच्या हकीमाच्या काढ्यावर कसंबसं—

आसराबाई : हळू! आत्याबाई ओसरीवर हैत, सासूचा कान तिखट. घर फुटलं, पर अळी जित्ती हाय. मी वाढवीन तिला. पंख फुटून उडाली की झालं.

गोपिका : खाती का?

आसराबाई : तिच्या आईनं घरात भरून ठेवलेल्या हिरव्या अळ्या खाल्ल्या, संपल्या. मंग तुरीवरच्या आणल्या, तर त्या चालत सुटल्या, हिलाच तुडवत. कुंभारीण डंख मारून त्यांना निपचित पाडती. जित्त्या, पर हलायच्या न्हाईत. मला कुठं नांगी? आत्याबाई म्हणत्यात हाय, पर न्हाई.

गोपिका : (झाकण उघडून) पर ह्या तर निपचितच हैत. कुठनं आणल्या?

आसराबाई : शेजारच्या तुळजाबाईच्या गोठ्यातनं. तिथलं कुंभारणीचं घर फोडलं.

गोपिका : तिची लेक बाळंतपणाला आली हाय की!

आसराबाई : ठावं हाय. फोडलं तर आत तिथली बी अळी निघाली. टाकून येववना.

गोपिका : ही, कडंची?

आसराबाई : हां. एकमेकीला खातील म्हणून मधी चिंधी घातली.

गोपिका : आणि खायला?

आसराबाई : एकीलाच पुरंल. आणखी एक घर फोडायची आता छाती न्हाई माझी. बिलकुल न्हाई. कोणाला घालू, तूच सांग बाई.

गोपिका : मला लई भेव वाटून राह्यलं.

आसराबाई : मला तर परवापासून झोप न्हाई.

(गोपिका करंडा जवळ ओढून दोन्ही अळ्या निरखते.)

गोपिका : तुळजाबाईच्या लेकीची बारीक हाय, जाऊबाई. आधी तिला घाला.