विनायकरावांच्या वह्या

मत्सर हा शब्द मी जपून वापरतो. परंतु अकोल्याच्या विनायकरावांच्या वह्यांविषयी मला दुसरा शब्द सापडत नाही. आम्ही दोघेही शाईच्या पेनाने लिहिणारे. मी अमरावतीत महागातली वही घ्यावी आणि तिच्यात शाई फुटावी. या गृहस्थांना मात्र अंजनगावच्या एका दुकानात, अभ्यासक्रम बदलल्यामुळे पडून राहिलेल्या प्रयोगवह्या दहा-दहा रुपयांना मिळाल्या. "मागच्या बाजूला ठिपकाही उमटत नाही," हे ते प्रत्येक भेटीत ऐकवत.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. फोन वाजला म्हणून ते आत गेले. मी त्यांच्या वहीचे कोरे पान उघडले, माझे सर्वांत जाड निबाचे पेन काढले आणि मुद्दाम दाबून एक ओळ लिहिली. शाई फुटावी, एवढीच माझी प्रामाणिक इच्छा होती. पान उलटले, तर मागची बाजू स्वच्छ.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. "भाऊजी, यायच्या वहीत काय लिहून राहिले तुमी?"

"कागद पारखत होतो."

"मंग? फुटली का शाई?"

"नाही."

"तुमच्या तोंडाकडे पाहून मले वाटलं, फुटलीच."