दवाखान्यात कोन आहे?

हसू नोका, पन आयका. चंद्रपूर ते हेमलकसा अन् वापस, अशी लांब पल्ल्याची सायकल स्पर्धा होती. हेमलकसा पंधराक किलोमीटर राह्यलं अन् माझ्या पोटऱ्यांत असे गोळे आले का मी रस्त्याच्या कडेलेच बसलो. ठरल्या वेळेत पोचलो नाई तं बाद.

मोहफुलं वेचनारी एक म्हातारी धावत आली. "कुठून येऊन राह्यला, बापू?"

"चंद्रपूरहून. हेमलकसाले चाललो."

"सायकलनं?" तिचा चेहराच उतरला. "दवाखान्यात कोन आहे तुयं?" हेमलकसाले मोठा दवाखाना आहे, इकडचे लोक तिथं त्याच्यासाठीच जातेत.

दुखन्यानं माझ्या डोळ्यांत पानी, बोलवतच नव्हतं. तिनं घरून मोहाच्या बियांचं तेल आनलं अन् माझा पाय मांडीवर घेऊन चोळाले लागली. "बरं होते मानूस तिथं. रडू नोको."

मले लाज वाटली. म्हटलं, "बाई, कोनीच बिमार नाई. मी हौसेनं चालवून राह्यलो."

वाटलं, आता रागावते.

तिनं छातीवर हात ठेवला. "बरं झालं रे बापा! मले किती भेव लागलं होतं." अन् माझा दुसरा पाय मांडीवर ओढून घेतला.

तिचं चोळून होईपर्यंत मी काई उठलो नाई. बाद झालो. चालते.