दिवाळीपर्यंत मीठ नाही

विश्वासघात झालाय, साहेब. कोणी केला ते नंतर बघू, पण तुमच्या त्या चौकशीच्या कागदावर आधी हा शब्द लिहा — नाही, सिमेंट चांगलं होतं, सिमेंटचं काय घेऊन बसलात! वाळू नदीची होती, खाडीची नव्हे, ट्रक आल्या आल्या मी चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली होती — हसू नका, वाळू खारट आहे की नाही हे ओळखायला आमच्याकडे जीभच आहे, दुसरं यंत्र नाही. खडी धुतलेली, पाणी विहिरीचं, सगळं वहीत आहे. आणि इकडून या ना, भिंतीच्या कडेनं, तिकडे जायची गरज नाही, तिकडे दिवाही नीट नाही. हळू — बर्फाचा पापुद्रा धरलाय खाली, चप्पल सरकेल. गेल्या पावसाळ्यात हा कोबा मी घातला, साहेब. म्हणजे मिस्त्रींनी घातला, पण हिशेब माझा, हट्ट माझा. मी संजना. सकाळी तुम्ही ज्यांचा जबाब घेतलात, ते यंत्रावरचे गुणाजी, बावीस वर्षं ह्या बर्फखान्यात काढलेले, ते माझे वडील.

जुना कोबा तुम्ही बघायला हवा होता. बोटी परत आल्या की बर्फाच्या पन्नास-पन्नास किलोच्या लाद्या आकड्यानं ओढत इथून दारापर्यंत न्यायच्या, वीस वर्षांत जमिनीला बैलगाडीच्या वाटेसारखे दोन चर पडले होते. त्यांत पाणी साचायचं, गोठायचं, माणसं आपटायची. आणि उपाय काय? मीठ. मिठाच्या पाण्यात बर्फ जमवतात त्या खारवणीच्या टाकीसाठी पोत्यांनी मीठ येतंच, त्यातलंच मूठमूठ जमिनीवर फेकायचं, म्हणजे बर्फ धरत नाही आणि पाय घसरत नाही. सगळेच फेकायचे, वर्षानुवर्षं. मी इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना लायब्ररीत एक लेख वाचला — थंड देशांत गाडी ठेवायच्या खोलीची जमीन सोलून निघते, का? तर रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकतात, ते चाकांना लागून घरात येतं, मिठाचं पाणी कोब्याच्या छिद्रांत शिरतं, तिथं गोठतं, फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि वरचा थर कांद्याच्या सालीसारखा सुटतो. वर्गातली मुलं हसली, म्हणाली, मालवणात कुठला बर्फ? मी म्हटलं, आमच्या मच्छीमार सोसायटीच्या बर्फखान्यात आहे, चला दाखवते! आणि आमच्याकडे तर रोज भारनियमन — दिवसाचे सहा-सहा तास वीज नाही, म्हणजे रोज वितळणं आणि रोज गोठणं. त्या देशांत जे थंडीचे चार महिने होतं, ते इथं बारा महिने. म्हणून पास झाल्यावर पुण्याची नोकरी सोडून आले. हो, सोडली. चेअरमन गुरुदासकाका म्हणाले, ‘वरून एक गिलावो मारूया, गणपती येतत.’ मी म्हटलं, नाही. जुन्या जमिनीला छिन्नीनं टोचे मारायचे, मुरलेलं मीठ निघेपर्यंत आठ दिवस धुवायची, मगच नवा थर. चौदा दिवस पाणी मारायचं. वर झाडूचे ओरखडे ठेवायचे, पाय धरायला. मासेमारीची बंदी होती, माणसं रिकामी होती, सगळी आली. आनंदीबाई — त्या बाहेर टोपल्या घेऊन बसल्यात ना, पांढऱ्या केसांच्या — त्यांनी बायका जमवून विहिरीचं पाणी वाहिलं. आपल्या बोटीला काथ्या भरावा तशा मायेनं लोकांनी हे काम केलं, खोटं कशाला बोलू.

माझी अट एकच होती. दिवाळीपर्यंत ह्या कोब्यावर मीठ पडता कामा नये. नवा कोबा पहिल्या काही महिन्यांत मीठ सोसत नाही, एकदा पक्का झाला की निभावतो. आनंदीबाई म्हणाल्या, ‘हो कोबो काय बाळंतीण आसा गो? मीठ नको, मिरची नको!’ सगळे हसले, मीही हसले. पण मला माझे लोक माहीत आहेत, साहेब. भिंतीवर सूचना लावली तर तिच्यावर खिळा ठोकून शर्ट अडकवतील. म्हणून मी — मी देव मानत नाही, लिहायचं तर लिहा — मी गाऱ्हाण्यात घातलं. नारळी पौर्णिमेला बर्फखाना सुरू करताना म्हाताऱ्या गावकऱ्यांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, ‘बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांनी घाम गाळून काम केल्यानी हा, तेका यश दी’ — ‘व्हय म्हाराजा!’ — ‘आणि दिवाळी होयसर ह्या जमनीर जो कोण मीठ मारीत, तेका तुझ्या पायाकडे जाब दिवचो लागात’ — ‘व्हय म्हाराजा!’ पन्नास माणसं एका आवाजात. बाबा माझ्या शेजारी होते. त्यांचा आवाज मोठा, कानात अजून आहे.

आणि दसऱ्याला कोब्याचे पापुद्रे! बोटाच्या नखानं निघत होते. मी खाली बसले, एक तुकडा जिभेवर ठेवला — खारट. साहेब, तेव्हा जे वाटलं ते तुम्हाला कागदावर लिहिता येणार नाही. मी सरळ सोसायटीची सभा मागितली आणि सभेत उभी राहून शंकरचं नाव घेतलं. का म्हणजे? मिठाच्या खोलीची किल्ली शंकरकडे. लाद्या ओढतो शंकर. आणि आठच दिवस आधी तो मला म्हणाला होता, ‘बाय, कोब्याचा दुखणा तू सांगतंस, माज्या पायाचा कोण सांगतलो?’ मला उद्धट वाटलं ते. मी त्याला ओरखडे दाखवले, म्हटलं, पाय धरेल, धीर धर. आता वाटतं, मी आयुष्यात एकदाही लादी ओढलेली नाही, मी कोणाच्या पायाला शिकवत होते? — ते जाऊ दे. सभेत मी म्हणाले, एका माणसाच्या आळसापायी पन्नास माणसांचं काम पाण्यात गेलं. शंकरनं डोक्याचा टॉवेल काढला, घडी घातली, एकदा बाबांकडे बघितलं आणि किल्ली टेबलावर ठेवून गेला. मला वाटलं, बघा, अपराधी माणूस. आता तो ट्रॉलरवर जातो. त्याला बोट लागते, साहेब. मच्छीमाराच्या घरात जन्मून ज्याला बोट लागते, तो बर्फखान्यात काम करतो, दुसरं काय करणार? रोज उलट्या करत जातो म्हणे.

हे काय काढताय तुम्ही? नकाशा? सोललेली जागा कशाला मोजायची, मी मोजलीय ना, माझ्याकडे आहे — नको, तिकडे नका जाऊ — बरं. बघा. बघितलंत ना? लाद्या ओढतात त्या वाटेवर काही नाही. तिथं कोबा घट्ट आहे, माझे ओरखडेसुद्धा शाबूत आहेत. म्हणजे शंकरनं मूठभरही मीठ टाकलं नव्हतं, आपटला असेल, पण टाकलं नव्हतं. सोललंय ते हे — दारापासून त्या तापमापकापर्यंत, तिथून कोपऱ्यापर्यंत, परत दारापर्यंत. हातभर रुंद. एका माणसाच्या चालण्याएवढं. चार दिवसांपूर्वी, तुम्ही येणार म्हणून मी हाच नकाशा काढायला बसले आणि पेन्सिल अर्ध्यावर थांबली. ह्या वाटेनं इथं कोणीच जात नाही, साहेब. मी जाते. रोज संध्याकाळी, वही घेऊन, तापमान लिहायला.

सप्टेंबरात एकदा मी इथं सडकून आपटले होते. कोपर फुटलं. बाबा धावत आले, ‘सांबाळ गो, ह्यो काय कॉलेजचो वरांडो न्हय,’ असं रागानंच म्हणाले आणि स्वतःच माझं कोपर धुतलं. दुसऱ्या दिवसापासून मी एकदाही घसरले नाही. आणि मी वहीत काय लिहिलं माहितेय? ‘कोबा आता पाय धरू लागला आहे. ओरखड्यांचा चांगला परिणाम.’ ही वही! तारखेसकट! मी यायच्या आधी रोज कोणी मिठाची मूठ टाकत होतं आणि मी शास्त्र लिहीत होते.

मी विचारलं त्यांना. नकाशा काढला त्याच दिवशी, जेवताना. म्हटलं, बाबा, मीठ तुम्ही टाकत होतात? त्यांनी माझ्या ताटात बांगड्याची मधली तुकडी ठेवली आणि म्हणाले, ‘काटो बघून खा.’ बस. ज्यांनी मला लहानपणी शाळेतला खडू परत करायला दोन मैल चालवत नेलं होतं, ते. सभेत माझ्या मागच्याच बाकावर बसून त्यांनी शंकरला जाऊ दिलं, मला — मला खोटं बोलू दिलं! पन्नास माणसांसमोर! मी पुन्हा पडले असते तर फार तर कोपरच फुटलं असतं ना? आणि आज सकाळी तुमच्यापुढे, ‘माका काय म्हायती नाय.’ मी दारात उभी होते, ऐकत. हो. मीही काही बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं, कळतं मला, असं बघू नका.

मार्चमध्ये ते निवृत्त होतात. बावीस वर्षांत एक दिवस यंत्र त्यांच्या चुकीनं बंद पडलं नाही. देवापुढचा शब्द मोडला, हे गावात कळलं तर ते देवळाची पायरी चढायचे नाहीत, मी ओळखते त्यांना. मग काय लिहिणार तुम्ही? ‘सिमेंट निकृष्ट’ लिहा — मग शंकरही सुटेल, बाबाही सुटतील, मी बुडेन, चालेल. नाही, चालणार नाही! सिमेंट निकृष्ट नव्हतं! खोट्यावर दुसरं खोटं ओतायचं आणि म्हणायचं झाली जमीन नवी — त्याविरुद्धच तर मी — पेन बंद केलंत? बरं केलंत. मी काही सांगितलेलं नाही, तुम्ही काही ऐकलेलं नाही. जा तुम्ही, तुमची एसटी चुकेल. जा ना, साहेब, हात जोडते — काय आहे, आनंदीबाई? दिसत नाही, बोलतेय मी? बर्फ नंतर!

“बरफ कोणाक होयो? गो बाय, तुजो बापूस शंकराक घेवन इलो हा. दोगव भायर उभे आसत. त्यांका आत धाडू, काय तुजा बोलणा अजून संपाक नाय?”