समोरच्या कोपऱ्यातलं पाणी

परमपूज्य भंते, अध्यक्षस्थानी बसलेले जिल्हाधिकारी साहेब, शाळेच्या मुख्याध्यापिका बाई, आजचे सत्कारमूर्ती सार्जंट सक्दा, आणि सकाळपासून चिकट भाताच्या टोपल्या सांभाळत या मंडपात बसलेल्या माझ्या मायबापांनो,

सक्दा म्हटल्यावर मागे कुजबुज झाली, हा कोण? बरोबरच आहे. गावात त्याला ऊअन म्हणतात, म्हणजे जाड्या. एक्कावन्न किलोंच्या गटात उभी हयात काढलेल्या माणसाला आपण जाड्या म्हणतो, आणि तो ओ देतो.

मी त्याचा गुरू नव्हे. मी चमलोंग, नदीपलीकडच्या तालमीचा वस्ताद, ऊअनच्या हातून मार खाल्लेली पोरं घरी घेऊन जाणारा माणूस. माझा पुतण्या थनोंग तिकडे खांबाला टेकून बसलाय. विहाराच्या जत्रेतल्या मुष्टियुद्धात ऊअननं त्याला असा धुतला, की चौथ्या फेरीअखेर निकाल आंधळ्यालाही दिसला असता. पाचव्या, शेवटच्या फेरीत मात्र ऊअननं एक ठोसा मारला नाही; निकाल ठरल्यावर आपल्याकडे कोण मारतं? नुसता मागे सरकत राहिला. थनोंगचा तोल गेला तेव्हा त्याला खांद्यानं सावरून धरलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. घंटा झाल्यावर रीतीप्रमाणे तो माझ्या कोपऱ्यात आला, गुडघे टेकून हात जोडले, आणि मी त्याच्या तोंडाला पेला लावला.

पाणी पिऊन म्हणतो, "गुरुजी, फार लागलं का हो त्याला?"

थनोंग मागून म्हणाला, "आता विचारतोयस होय?"

पुढे ऊअन सैन्यात गेला. लाथा-कोपरं सोडून नुसत्या ठोशांचं हौशी मुष्टियुद्ध खेळू लागला. त्याची पदकं साहेबांनी आत्ता वाचून दाखवलीच. जे वाचलं नाही ते मी बोलतो, साहेब राग मानणार नाहीत.

ऑलिम्पिकचं तिकीट ठरवणारी ती लढत आपण याच मंडपात टीव्हीवर पाहिली. शेवटच्या फेरीला ऊअन चार गुणांनी पुढे होता. समोरच्या परदेशी मुलाची भुवई फुटली होती. आणि आपला ऊअन मागे सरकू लागला. तिथे शेवटचा ठोसादेखील मोजतात. तो मुलगा मारत सुटला, आणि ऊअन एका गुणानं हरला.

गावी आल्यावर नूडल्सवाल्या लमाईमावशींनी त्याला भर बाजारात धरलं. "पुढं होतास ना मेल्या? मग शेवटी काय नाचायला गेला होतास?"

"मावशी, संपलं होतं गं सगळं. त्याला आणखी कशाला मारायचं?"

पेपरवाल्यांना त्यानं एवढंही सांगितलं नाही. त्यांनी घमेंडखोर म्हणून छापलं, आणि ते त्याला आजवर चिकटलं.

आता तो आपल्या पोरांना मुष्टियुद्ध शिकवणार. काही पालक म्हणतात, हा पोरांना हरायला शिकवेल. मी विचारतो, जत्रेत पाचव्या फेरीत त्यानं थनोंगला आडवा केला असता, तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्यात? नावं ठेवली असतीत. सवय आपण सगळ्यांनी लावली, आणि भोगलं त्यानं एकट्यानं. याचं मला फार वाईट वाटतं.

परवा मी त्यालाच विचारलं, काय शिकवणार? म्हणाला, "घंटेपर्यंत मारायचं, गुरुजी. घंटेनंतर पाणी प्यायला जायचं." हे बोलताना तो हसला नाही. पोरं त्याच्या हाती द्या, एवढीच माझी विनंती.

आणखी एक. त्या दिवशी हरल्यावर तो समोरच्या कोपऱ्यात गेला होता. गुडघे टेकले, हात जोडले. त्या लोकांना ही रीत कुठून ठाऊक असणार? त्यांना वाटलं, तक्रार घेऊन आलाय. हातानंच हाकललं त्याला. इकडे मी नकळत पेला घेऊन टीव्हीपुढे उभा राहिलो होतो. तुम्ही हसलात, मीही हसलो, आणि भरला पेला घेऊन खाली बसलो.

आयोजकांनी पलीकडच्या माणसाला इथे बोलू दिलं, त्यांचे आभार. काही अधिकउणं बोललो असेन, तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला.

ऊअन, ऊठ. समोरचा कोपरा इकडे आहे. ये, पाणी पी.