वाळूतलं खळं

मंडळी, सुमनवैनी, जठारपेठेतले शेजारी, सगळे आले. हॉल भरला. मले माइक देला, पण बोलू काय? प्रल्हादभाऊच्या समोर, आता त्यायच्या फोटोसमोरही, उभं राहून बोलाची मले सवयच नाही. ते बोलत, आमी ऐकत.

मी अचलपूरचा, भाऊ तिवस्याकडचे. नोकरी मात्र दोघायची कोकणात, समुद्रकिनाऱ्याच्या सरकारी कचेरीत. ते साहेब, मी त्यायच्या हाताखाली. किनाऱ्यावर कुठं बांधू द्यायचं, कुठं नाही, याचे नकाशे आमी पाहत होतो. गावाकडं आलो की लोक हसत. म्हणत, विहिरीत पोहता येत नाही, अन् हे समुद्र राखून राहिले!

पहिल्याच दौऱ्यात एका कोळीवाड्यात गेलो. बाया वाळूवर जवळा, म्हणजे बारीक झिंगे, वाळवाले पसरून राहिल्या होत्या. भाऊनं ते पाहिलं अन् जोडे काढले. भर दुपार, वाळू तव्यासारखी. दोन पावलं गेले नाही तर पायात मासळीचा काटा. बाया पदर तोंडाले लावून हसल्या. हिराबाई नावाची एक मावशी होती, तिनं इचारलं, साहेब, देऊळ तर तिकडं हाय, इथं काहून जोडे काढले?

भाऊ लंगडत म्हणाले, "बाई, आमच्याकडं खळ्यावर जोडे घालून जात नाही. तिथं माल वाळते, त्याच्यावर घर चालते. हे तुमचं खळंच होय ना?"

हिराबाईचं हसू थांबलं. तिनं स्वतः त्यायच्या पायातला काटा काढला.

आता ऐका. आमच्या नकाशात ती वाळू 'मोकळी जागा' म्हणून लागली होती. तिथं हॉटेल येऊन राहिलं होतं. झालं असतं, तर त्या बायायनं मासळी वाळवाची कुठं? वरचे साहेब म्हणाले, पाहणी झाली, तिथं काहीच नव्हतं. पाहणी झाली होती भर पावसात.

भाऊ म्हणाले, "साहेब, आषाढात आमच्या खळ्यावर कुत्रं फिरत नाही. म्हणून काय थे खळं नाही?"

लोकायनं त्यायले लय समजावलं. बदली होईन, म्हणाले. भाऊ म्हणाले, होऊ द्या, पण हिवाळ्यात पुन्हा पाहा. शेवटी पाहिलं. जनसुनावणीत बाया उभ्या राहून बोलल्या. ती वाळू नकाशात मासळी वाळवाची जागा म्हणून लागली अन् हॉटेल मागं गेलं. बदलीही झालीच. पुन्हा घर हलवा लागलं म्हणून वैनी महिनाभर बोलल्या नाही. होय ना वैनी? पण डबा रोज भरून देला. तुमचेही आभार मानाचे आहेत आज.

भाऊ रिटायर होऊन इथं अकोल्याले, जठारपेठेत आले, तरी दर दिवाळीले तिकडून सुक्या जवळ्याची पिशवी येत होती. पिशवी आली, हे गल्लीले वासानंच समजे. शेजारी नाक दाबत, अन् संध्याकाळी वाटी घेऊन येत.

मंडळी, हिराबाई आज आल्या आहेत. त्या पाहा, शेवटच्या खुर्चीवर. दारात त्यायनं चपला काढल्या. मी म्हटलं, मावशी, राहू द्या, इथं सगळेच घालून बसले आहेत. त्या म्हणाल्या, "साहेब आमच्या वाळूत कधी जोडे घालून आले नाय."

भाऊ, तुमी आमाले लय देलं. मंडळी, आता उठा. पहिले जोडे, चपला काढा. मग दोन मिनिटं गप्प उभे राहू.